दातेरी पट्ट्याचे वय : मारुती ८०० पासून फेरारीपर्यंत

१४ डिसेंबर १९८३ रोजी, आजच्या गुरुग्राममधील कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिल्या. त्या प्रसंगाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्या छायाचित्रात न दिसणारी एक वस्तू गाडीच्या बॉनेटखाली होती : रबराचा दातेरी पट्टा, म्हणजेच टायमिंग बेल्ट. तोपर्यंत आपल्या रस्त्यांवर ज्यांचे राज्य होते, त्या अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी या गाड्यांत तेच काम पोलादी साखळी करीत असे. सामान्य भारतीय कुटुंबाच्या गाडीत हा रबरी पट्टा मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो मारुतीबरोबर.

सचिन तेंडुलकर यांची पहिली गाडी मारुती ८०० च होती. पुढे २००२ साली त्यांनी ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्यांना लाल रंगाची फेरारी ३६० मोडेना भेट दिली. ती मायकेल शूमाखर यांच्या हस्ते सिल्व्हरस्टोन येथे देण्यात आली. तिच्या आयातशुल्काच्या माफीवरून झालेला वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वृत्तपत्रांचे रकाने भरून वाहिले. या दोन गाड्यांत तसे काहीच साम्य नाही. एकीचे इंजिन तीन सिलिंडरांचे, ७९६ घन सेंटिमीटरचे. दुसरीचे आठ सिलिंडरांचे, ३५८६ घन सेंटिमीटरचे, ४० झडपांचे. तरीही दोन्ही इंजिनांत झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ सांभाळतो तो रबरी पट्टाच. इतक्या महागड्या इंजिनाची जबाबदारी रबरावर का सोपवली गेली, आणि त्या रबराचे वय नेमके कसे मोजावे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम कार्य समजून घेऊ. चार-फेरी इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा झडपा हलवणाऱ्या कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हावा लागतो. हे दोनास एक प्रमाण क्षणभरही ढळता कामा नये. ३६० मोडेनाचे इंजिन मिनिटाला ८५०० फेऱ्यांपर्यंत जाते. म्हणजे क्रँकशाफ्ट सेकंदाला सुमारे १४२ वेळा फिरतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला सुमारे ७१ वेळा उघडून मिटते. पिस्टन वर येण्याच्या आत झडपेने वाट मोकळी केलेली असावी लागते. पट्टा तुटला किंवा त्याचे दात निसटले, तर झडपा जागच्या जागी उघड्या राहतात आणि पिस्टन त्यांच्यावर आदळतो. काही इंजिनांत या दोहोंमध्ये पुरेशी जागा ठेवलेली असते. अशा फेरारीत ती नसते. परिणामी सारे इंजिन एका क्षणात निकामी होऊ शकते.

या पट्ट्याचा जन्म मोटारीत झालेला नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड केस या अभियंत्याने दातेरी पट्टा सिद्ध केला तो शिलाई यंत्रासाठी. सुई आणि बॉबिन यांची गती एकमेकींशी जुळलेली राहावी, एवढीच त्यामागची गरज होती. साधा पट्टा घसरतो, साखळी खडखडते आणि तेल मागते. दातेरी पट्टा घसरत नाही, आवाज करीत नाही आणि त्याला तेलही लागत नाही. १९५४ साली बिल डेव्हिन यांनी पॅनहार्डच्या इंजिनावर बांधलेल्या छोट्या शर्यतीच्या गाडीत कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी हा पट्टा वापरला गेला. १९६२ साली बव्हेरियातील ग्लास कंपनीने तो आपल्या १००४ या मॉडेलमध्ये बसवून घाऊक उत्पादनात आणला. १९६६ साली फियाट १२४ स्पोर्टच्या इंजिनात ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी दोन कॅमशाफ्टसाठी त्याचा उपयोग केला. हेच लाम्प्रेदी त्यापूर्वी फेरारीची इंजिने घडवीत असत. १९७० च्या दशकात खुद्द फेरारीच्या बारा आणि आठ सिलिंडरांच्या रस्त्यावरील गाड्यांत साखळीची जागा पट्ट्याने घेतली. कमी वजन आणि शांतता, हे त्यामागचे आकर्षण होते.

या सोयीची किंमत मात्र वेगळ्या चलनात मोजावी लागली. पट्ट्याची लांबी त्याच्या आतील काचतंतूंच्या दोऱ्या टिकवतात. दात आणि अंग रबराचे असते. प्रारंभी ते निओप्रीन होते, १९८० च्या दशकापासून उष्णतेला अधिक दाद न देणारे हायड्रोजनीकृत नायट्राइल रबर आले. धातूची झीज मुख्यतः वापराने होते, म्हणून ती किलोमीटरमध्ये मोजता येते. रबराची झीज वापराने होतेच, पण त्याखेरीज त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांवर प्राणवायूची अभिक्रिया अखंड चालू असते. काही साखळ्या तुटतात, काही एकमेकींशी नव्याने जखडल्या जातात. रबर कडक होते, लवचीकपणा गमावते, त्याला भेगा पडतात. ही अभिक्रिया गाडी उभी असतानाही थांबत नाही.

तिचा वेग तापमानावर अवलंबून असतो. आर्हेनियसच्या समीकरणावरून निघणारा एक ढोबळ ठोकताळा विद्यार्थ्यांना परिचित असेल : तापमान दर दहा अंशांनी वाढले, की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. वीस अंश सेल्सियसच्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या तुलनेत चाळीस अंशांच्या गॅरेजमधील गाडीचे रबर या हिशेबाने सुमारे चौपट वेगाने म्हातारे होते. दिल्लीत मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत आणि त्याहीपुढे जातो, हे लक्षात घेतले म्हणजे युरोपातील हवामानाच्या अनुभवावर ठरलेली मुदत इथे सैल मानण्याचे धाडस कोणी करू नये.

शीतक वाहून नेणाऱ्या रबरी नळ्यांची, म्हणजे कूलंट होजची, कथा याहून फसवी आहे. त्यांच्यातून पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण दाबाखाली वाहते. मधोमध इंजिन असलेल्या क्रीडा-मोटारीत रेडिएटर बहुधा पुढे किंवा बाजूला असतो, त्यामुळे नळ्या लांब आणि सांधे अधिक असतात. या नळ्या आज बहुतांशी ईपीडीएम रबराच्या असतात. या रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्याने ओझोन तिला तोडू शकत नाही. हा गुण दिल्लीसारख्या शहरात मोलाचा ठरतो, कारण धुरातील नायट्रोजन ऑक्साइडे आणि सेंद्रिय बाष्पे यांच्यावर ऊन पडले, की जमिनीलगत ओझोन तयार होतो. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसमधील धुरक्याचा अभ्यास करताना संशोधकांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्यांना किती भेगा पडतात, यावरूनच हवेतील ओझोनचे मोजमाप केले होते.

ओझोनपासून सुटका झाली तरी नळीला आतून एक शत्रू असतोच. धातूचा सांधा, विद्युत्‌वाहक शीतक आणि कार्बनयुक्त रबर मिळून एक प्रकारचा विद्युत्‌घट तयार होतो. त्या सूक्ष्म प्रवाहामुळे नळीच्या आतल्या पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात आणि शीतक आतील विणीपर्यंत झिरपते. बाहेरून नळी नवीकोरी दिसते. ही हानी टोकांजवळ अधिक होते. म्हणून जाणता कारागीर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर क्लॅम्पजवळची नळी अंगठा आणि बोट यांच्यात दाबून पाहतो. मधल्या भागापेक्षा तिथे ती पोकळ किंवा मऊ लागली, तर ती बदलायची.

यामुळेच फेरारीच्या या पिढीतील गाड्यांचा पट्टा साधारण तीन वर्षांनी बदलण्याचा प्रघात पडला, मग गाडी त्या काळात दोन हजार किलोमीटर धावलेली असो वा वीस हजार. खर्च पट्ट्याचा नसतो, तो त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा असतो. ३४८ आणि एफ३५५ या मॉडेलांत त्यासाठी संपूर्ण इंजिन बाहेर काढावे लागे; ३६० मध्ये आसनांमागील झाकण काढून आतूनच हात घालता येतो. एवढी उघडझाप झाली, की ताण देणारी बेअरिंगे आणि वय झालेल्या नळ्या त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे असते. कश्मीरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात पट्टा घेतला, तरी वेष्टनावरील उत्पादनाची तारीख पाहावी; फडताळावर पडून राहिलेल्या रबराचेही वय वाढतच असते. २००४ सालच्या एफ४३० पासून फेरारीने आठ सिलिंडरांच्या इंजिनात पुन्हा साखळी आणली, आणि ही कटकट मिटली. ज्यांच्याकडे त्याआधीच्या गाड्या आहेत, त्यांच्यासाठी मात्र ती कायम आहे.

इथे राजधानी परिसराचा एक विरोधाभास नोंदवावासा वाटतो. राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आणि २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांमुळे या भागात पेट्रोल गाडीचे वय १५ वर्षे आणि डिझेल गाडीचे १० वर्षे असे दिनदर्शिकेवर ठरले. त्यावर पुढे बराच वाद झाला. सगळी गाडी वर्षांत मोजावी की तिच्या प्रत्यक्ष स्थितीवरून, हा प्रश्न धोरणाचा आहे. परंतु त्याच गाडीतील रबर वर्षांतच मोजावे लागते, याविषयी रसायनशास्त्राला शंका नाही. आपण व्यवहारात नेमके उलटे करतो. जुनी क्रीडा-मोटार विकत घेताना ‘फारच कमी चालली आहे’ हे वाक्य ऐकून आपण खूश होतो आणि पट्टा शेवटचा कधी बदलला, हे विचारायचे विसरतो.

३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा सेबास्टियन फेटेल यांच्या विजयावर चौकटीचा झेंडा फडकावला तो सचिन तेंडुलकर यांनीच. मिनिटाला १८००० फेऱ्यांपर्यंत जाणाऱ्या त्या इंजिनांत रबरी पट्टा नव्हता. तिथे धातूची दंतचक्रे होती आणि काही शर्यतींनंतर अख्खे इंजिनच बदलले जाई. त्या इंजिनांना म्हातारपण येतच नसे. घरच्या गॅरेजमध्ये आच्छादनाखाली उभी असलेली गाडी वेगळी. तिचा मीटर थांबलेला असतो, पण रबराचे घड्याळ चालूच असते. आपल्या गाडीच्या नोंदवहीत पट्टा आणि नळ्या बदलल्याची तारीख आहे का, हे आज एकदा पाहून घ्यावे. मग ती फेरारी असो, नाहीतर वडिलांची जुनी मारुती.