शिश्नोत्थानदोष : रक्तवाहिन्यांची प्रतिमा-तपासणी

ज्या शिश्नोत्थानदोषाचे मूळ मनात नसून रोहिण्यांच्या अरुंदपणात किंवा नीलांवाटे होणाऱ्या रक्तगळतीत असल्याचा संशय येतो, त्याच्या निदानार्थ डॉप्लर सोनोग्राफी ही मुख्य तपासणी मानली जाते. पापाव्हरीन शिश्नात टोचल्याने उत्थान घडते, हे फ्रेंच शल्यविशारद रोनाल्ड विराग यांनी 1982 साली दाखविले. टॉम ल्यू व सहकाऱ्यांनी 1985 मध्ये त्यास डॉप्लरची जोड दिली.

औषध टोचल्यावर ठरावीक अंतराने गुहिका-रोहिण्यांतील रक्ताचा वेग मोजतात. हृदयाच्या आकुंचनकाळी तो सेकंदास 25 सेंमी.हून कमी भरल्यास रोहिणीदोष, आणि तो पुरेसा असूनही प्रसरणाअखेर 5 सेंमी.हून अधिक उरल्यास नीलागळती समजतात. मात्र परक्या खोलीत, परक्या माणसांसमोर संकोचून निजलेल्या रुग्णाचे स्नायू शिथिल होत नाहीत आणि धडधाकट माणसाच्या नावेही गळतीचा शेरा पडतो. सबब औषधाची दुसरी मात्रा दिल्यावाचून निकाल देणे अप्रशस्त होय. क्ष-किरण रोहिणीचित्रण ओटीपोटास इजा झालेल्या व शस्त्रक्रियेस योग्य अशा तरुणांपुरतेच राखून ठेवलेले बरे. रोहिणीदोष आढळल्यास हृदयाचीही तपासणी करवून घ्यावी, कारण हृद्रोहिण्यांच्या विकाराची ती पूर्वसूचना असू शकते.

तपासणीनंतर ताठरता चार तासांहून अधिक टिकल्यास रुग्णाने संकोच न धरता तत्काळ रुग्णालयात दाखल व्हावे.