सॅल्फर्ड या औद्योगिक शहरातील दैनंदिन जीवनाच्या स्मृती : एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

आपल्याकडील इतिहासाच्या अध्ययनात मँचेस्टरचे नाव प्रामुख्याने कापडाच्या संदर्भात येते. लँकाशरच्या गिरण्यांतील स्वस्त कापड, त्या स्पर्धेपुढे टिकू न शकलेला देशी हातमाग, स्वदेशीची चळवळ आणि ओल्डहॅम येथील प्लॅट ब्रदर्स या कंपनीने मुंबईच्या गिरण्यांना पुरविलेली यंत्रसामग्री हे विषय आपल्या परिचयाचे आहेत. परंतु त्या परगण्यातील कामगार राहत कसे होते, त्यांच्या घरातील आठवडा कसा जात होता आणि पुढे त्यांनी तो काळ कसा आठवला, याचा विचार मराठीत अपवादानेच झालेला आहे. प्रस्तुत लेखात मँचेस्टरला लागून, अर्वेल नदीच्या पलीकडील काठावर वसलेल्या सॅल्फर्ड या शहराच्या संदर्भात हा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. कापड, रंगाई, यंत्रनिर्मिती आणि गोदी यांवर जगणाऱ्या या शहरास १९२६ मध्ये ‘सिटी’ हा दर्जा मिळाला.

या शहराविषयीच्या आठवणींत स्मरणरंजनाचा भाग मोठा आहे. स्मरणरंजनासाठी युरोपीय भाषांत रूढ असलेला ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडविला. घरापासून दूर गेलेल्या माणसास जडणारी व्याधी, असा त्याचा मूळ अर्थ होता. अशा हुरहुरीने भारलेली आठवण इतिहासकाराने पुरावा म्हणून स्वीकारावी काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. साधनांचे स्वरूप

सॅल्फर्डच्या कामगार वस्तीचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन फ्रेडरिक एंगल्स याने १८४५ च्या आपल्या ग्रंथात केले. त्याच्या वडिलांची भागीदारी असलेली गिरणी सॅल्फर्डमध्येच होती. तथापि एंगल्स हा त्या वस्तीत बाहेरून आलेला निरीक्षक होता. घरमालकांच्या वतीने भाडेवसुलीसाठी याच भागातील गल्ल्यांतून हिंडणारे चित्रकार एल. एस. लाउरी (१८८७–१९७६) यांची दृष्टीही एका अर्थी उंबऱ्याबाहेरचीच राहिली.

उंबऱ्याच्या आतील साक्ष विसाव्या शतकात मिळू लागते. वॉल्टर ग्रीनवुड यांची ‘लव्ह ऑन द डोल’ ही कादंबरी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. रॉबर्ट रॉबर्ट्स (१९०५–१९७४) यांचे ‘द क्लासिक स्लम’ हे पुस्तक १९७१ मध्ये आले. रॉबर्ट्स यांच्या आईवडिलांचे सॅल्फर्डच्या एका गल्लीच्या कोपऱ्यावर किराणा दुकान होते आणि त्या दुकानाच्या फळीमागून त्यांनी आपली वस्ती पाहिली होती. याच दशकात मौखिक इतिहासाची चळवळ ब्रिटनमध्ये स्थिरावली. पॉल थॉम्प्सन यांचा ‘द व्हॉइस ऑफ द पास्ट’ हा ग्रंथ १९७८ चा आहे.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. लिहिलेल्या व सांगितलेल्या आठवणींचा हा ओघ ज्या वर्षांत वाढला, त्याच वर्षांत जुन्या गल्ल्या पाडल्या जात होत्या. म्हणजेच या आठवणींचा विषय गतकाल असला, तरी त्यांचा प्रसंग वर्तमानातील वियोगाचा होता.

३. गल्लीतील आठवडा

या आठवणींतील दिवस पहाटेच सुरू होतो. लांब काठीने माडीच्या खिडकीची काच वाजवून कामगारांना उठविणारा ‘नॉकर-अप’ आठवड्याला काही पेन्स घेत असे. त्यामागोमाग फरसबंदीवर लाकडी तळाच्या क्लॉग्जचा खडखडाट ऐकू येई. घरे बहुधा खाली दोन व वर दोन खोल्यांची, एकमेकींना चिकटलेली. शौचालय मागील अंगणात. दार उघडले की थेट रस्ता.

सोमवार हा धुण्याचा दिवस. गल्लीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले जात. दाराच्या दगडी पायरीस विशेष महत्त्व होते. ती घासून, तिच्या कडेला ‘डाँकी स्टोन’ नावाच्या मऊ दगडाने पांढरी वा पिवळसर रेघ ओढण्याची प्रथा होती. हा दगड विकत घ्यावा लागत नसे. आपल्याकडील बोहारणीप्रमाणे जुने कपडे नेणारा फेरीवाला त्यांच्या मोबदल्यात तो देत असे. पायरीवरून घरातील बाईची परीक्षा होई.

सोमवारचा आणखी एक विधी म्हणजे गहाणाचे दुकान. रविवारी अंगावर घातलेला नवऱ्याचा चांगला सूट सोमवारी गहाण पडे आणि आठवड्याचा पगार हाती आल्यावर सोडविला जाई. मधल्या दिवसांत कोपऱ्यावरचे दुकान उधारी देई. ईस्टरनंतर सातव्या रविवारी येणाऱ्या व्हिटसन सणाच्या आठवड्यात मुलांना नवे कपडे मिळत आणि चर्चच्या मिरवणुका निघत. उन्हाळ्यात लँकाशरच्या गिरण्या आठवडाभर बंद राहत, तेव्हा ज्यांना परवडे ती कुटुंबे ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर जात.

४. आठवणीतील अंतर्विरोध

हे सर्व सांगून झाल्यावर निवेदक बहुधा एका निष्कर्षावर येतो : आम्ही गरीब होतो, पण सुखी होतो, दारे उघडी असत, सगळे एकमेकांना धरून होते. हा निष्कर्ष आणि त्याआधी आलेला तपशील यांत मात्र मेळ बसत नाही.

पायरीचेच उदाहरण घेता येईल. ती रोज घासावी लागे, कारण हवेत काजळी होती. धुराविरुद्धचा ‘क्लीन एअर ॲक्ट’ १९५६ मध्ये आला, तोपर्यंत वाळत घातलेले कपडे पुन्हा काळे होणे हा नित्याचा अनुभव होता. ज्या शुभ्र रेघेचा अभिमानाने उल्लेख होतो, ती वस्तुतः कारखान्याच्या धुराशी गुडघे टेकून केलेल्या बायकांच्या बिनमोल श्रमाची नोंद आहे. सूट दर सोमवारी गहाण पडे, याचा अर्थ मजुरी आठवडाभर पुरत नव्हती. उधारीही सर्वांना समान मिळत नसे. कोणाला द्यावी व कोणाला नाकारावी हे दुकानदार ठरवीत असे आणि त्या निर्णयातून कुटुंबाची पत गल्लीभर जाहीर होई.

रॉबर्ट्स यांच्या पुस्तकाचे महत्त्व येथेच आहे. कामगारवर्ग हा एकसंध नसून त्याच्या आत कुशल, अकुशल, दुकानदार व निराधार अशी कठोर उतरंड होती, हे त्यांनी आपल्या घराच्या दुकानातून दाखवून दिले. मिरवणुकांतही ही विभागणी दिसे. मँचेस्टरच्या परिसरात प्रॉटेस्टंटांची मिरवणूक सोमवारी व कॅथलिकांची शुक्रवारी निघत असे. जोआना बर्क यांनीही १९९४ च्या आपल्या ग्रंथात कामगारांच्या तथाकथित एकजिनसी ‘समुदाया’विषयी शंका उपस्थित केली आहे. शेजाऱ्यांचा आधार खरा होता, पण तो नजरेच्या पहाऱ्यासह मिळत होता.

५. पाडकाम आणि हुरहुर

मग ही हुरहुर खोटी म्हणावी काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९३० च्या गृहनिर्माण कायद्याने झोपडपट्टी निर्मूलनास चालना दिली आणि महायुद्धोत्तर काळात, विशेषतः १९६० च्या दशकात, सॅल्फर्ड व मँचेस्टरमधील गल्ल्याच्या गल्ल्या जमीनदोस्त झाल्या. नव्या सदनिकांत न्हाणीघर व गरम पाणी मिळाले. परंतु एका गल्लीतील कुटुंबे विखुरली गेली. मँचेस्टरच्या ह्यूम भागात १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या ‘क्रेसेंट्स’ या प्रचंड इमारती १९९० च्या दशकात पाडाव्या लागल्या. सॅल्फर्डमधील वस्तीवर बेतलेली ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही दूरचित्रवाणी मालिका ९ डिसेंबर १९६० रोजी सुरू झाली. जिच्या धर्तीवर तिचा देखावा उभारला होता ती आर्ची स्ट्रीट पुढे पाडली गेली, पडद्यावरची गल्ली मात्र राहिली. १८९४ मध्ये खुल्या झालेल्या मँचेस्टर शिप कॅनॉलवरील सॅल्फर्डची गोदी १९८२ मध्ये बंद झाली आणि घरापाठोपाठ कामही गेले. ज्यांना न विचारता हे सर्व हलविले गेले, त्यांनी जुन्या गल्लीची केलेली स्तुती ही नव्या व्यवस्थेविरुद्धची तक्रारही असते.

६. गिरणगावचा संदर्भ

मुंबईच्या गिरणगावाच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर तेथील जीवनक्रम विस्कटला. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या गिरणगावकरांच्या मौखिक निवेदनांचा इंग्रजी ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीतील गणेशोत्सव, भजनी मंडळे व खानावळी यांच्या आठवणी आपण आपुलकीने ऐकतो. त्या ऐकताना एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार आणि त्यांच्यासाठी पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या खानावळवाल्या बायकाही त्याच आठवणींत आहेत, हे विसरता कामा नये.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, स्मरणरंजनात्मक साधने त्याज्य नाहीत. मात्र त्यांतील तीन थर वेगळे करून वाचणे आवश्यक आहे. वस्तू, कृती व वेळापत्रक यांविषयीचा तपशील बहुधा विश्वसनीय असतो, कारण तो सांगताना निवेदकास काही सिद्ध करावयाचे नसते. सुखाविषयीचा निवाडा त्या तपशिलाशी ताडून पाहावा लागतो. आणि हुरहुर ही स्वतःच पुरावा असते. तो मात्र गतकालाचा नसून, बोलणाऱ्याने पुढे काय गमावले याचा असतो. सॅल्फर्डच्या वृद्धेने पांढऱ्या पायरीची आठवण सांगितली, तर इतिहासकाराने तिचे सुख नाकारू नये. ती पायरी रोज कोणी घासली, एवढे मात्र तिला अवश्य विचारावे.