योडेनसव्हाने

योडेनसव्हाने : दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सुरिनाम देशात सतराव्या-अठराव्या शतकांत नांदलेली ज्यूंची स्वशासित वसाहत. राजधानी पारामारिबोच्या दक्षिणेस सुमारे ५० किमी.वर, सुरिनाम नदीकाठच्या उंचवट्यावर तिचे अवशेष आहेत. डच भाषेतील या नावाचा अर्थ ‘ज्यूंचे माळरान’. मायभूमीबाहेर विखुरलेल्या ज्यूंना त्या काळात अन्यत्र कोठेही मिळाले नव्हते इतके अधिकार येथे मिळाले. स्वतःची जमीन, स्वतःचे गाव, स्वतःचे न्यायपीठ आणि स्वतःची सशस्त्र तुकडी या चारही गोष्टी येथे एकत्र आल्या. हा सगळा डोलारा आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभा होता. ते सोडून या वसाहतीचा इतिहास सांगताच येत नाही.

ज्यूंनी परमुलखात आपला कारभार आपण पाहण्याची रीत जुनी आहे. बॅबिलोनियात ‘रेश गालुता’ हा निर्वासितांचा प्रमुख शतकानुशतके मानाने वावरत होता. पोलंडमध्ये ‘चार प्रांतांची परिषद’ सोळाव्या शतकापासून १७६४ पर्यंत ज्यूंचे कर गोळा करी आणि त्यांचे तंटे सोडवी. पण रेश गालुता खलिफाच्या मर्जीवर टिकून होता, आणि परिषदेचा राजाला खरा उपयोग होता तो करवसुलीपुरता. शस्त्र या दोघांच्याही हाती नव्हते. योडेनसव्हानेच्या मळेवाल्यांच्या हाती ते होते.

येथे आलेले बहुतेक ज्यू सेफार्दी, म्हणजे मूळचे स्पेन-पोर्तुगालचे. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हाकलले आणि पाच वर्षांनी पोर्तुगालने त्यांना सक्तीने बाटवले. वरून ख्रिस्ती आणि घरात ज्यू असे जगणाऱ्या अनेक कुटुंबांनी पुढे ॲम्स्टरडॅम गाठून उघडपणे आपला धर्म पाळायला सुरुवात केली. ब्राझीलचा ईशान्य भाग १६३० पासून डचांकडे आला, तेव्हा त्यांतले कित्येक रेसिफे शहरात जाऊन साखरेच्या व्यापारात शिरले. १६५४ मध्ये पोर्तुगिजांनी रेसिफे परत घेतले आणि ही मंडळी पुन्हा वाटेला लागली. दाविद कोहेन नासी याने १६५९ मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीकडून कायेन येथे ज्यू वसाहत करण्याची सनद मिळवली, पण १६६४ मध्ये कायेन फ्रेंचांनी घेतले. तेथून उठलेल्यांनी सुरिनामचा रस्ता धरला. तेव्हा सुरिनाम इंग्रजांकडे होते आणि तोरारिका या त्यांच्या राजधानीच्या आसपास थोडे ज्यू आधीच स्थिरावले होते.

१७ ऑगस्ट १६६५ रोजी इंग्रज शासनाने या ज्यूंना सनद दिली. तिने त्यांना धर्मपालनाची मोकळीक दिली, आपल्या रीतीप्रमाणे लग्ने व मृत्युपत्रे करण्याचा हक्क दिला, प्रार्थनास्थळ, शाळा व दफनभूमीसाठी जमीन दिली आणि आपसांतील दिवाणी तंटे आपल्याच वडीलधाऱ्यांपुढे चालवण्याची मुभाही दिली. या न्यायपीठाची मर्यादा दहा हजार पौंड साखरेच्या किमतीपर्यंत होती. त्यापुढचा दावा गव्हर्नरकडे जाई. वसाहतीत नाण्यांची चणचण असे आणि हिशेब साखरेतच मांडले जात.

इंग्रजांचे मन एवढे मोठे कशाने झाले, याचे उत्तर उसाच्या मळ्यांत आहे. वसाहत नवी, हवा रोगट आणि युरोपातून यायला माणसे नाखूश. ज्यू कुटुंबांपाशी भांडवल होते, ॲम्स्टरडॅमच्या पेढ्यांशी ओळख होती आणि ब्राझीलमध्ये मिळवलेले साखरेचे ज्ञान होते. त्यांना जायला हक्काचा देश नसल्याने ती टिकून राहतील, असाही हिशेब होता. १६६७ मध्ये डचांनी सुरिनाम जिंकले. त्याच वर्षीच्या ब्रेडाच्या तहाने ते डचांकडे आणि न्यू ॲम्स्टरडॅम, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, इंग्रजांकडे राहिले. डचांनी ज्यूंचे हक्क कायम ठेवले, शिवाय शनिवार पाळणाऱ्या ज्यूंना रविवारी काम करण्याची सवलत दिली. इंग्रज मळेवाले जमैकाकडे निघाले तेव्हा काही ज्यूंनाही त्यांच्याबरोबर जायचे होते, पण डच गव्हर्नरने त्यांना सोडले नाही. हक्क देणाऱ्यांच्या लेखी ज्यूंची किंमत काय होती, हे या एका नकारातून समजते.

पहिली वस्ती कासिपोरा ओढ्याजवळ होती. तेथील दफनभूमी आजही शाबूत आहे. १६८० नंतरच्या दशकात जवळच नव्या गावाची आखणी झाली. दाविदचा मुलगा सामुएल नासी हा वसाहतीतील बड्या मळेवाल्यांपैकी एक होता. त्याने गावासाठी जमीन दिली आणि १६९१ मध्ये गव्हर्नरने तिच्यात १०० एकरांची भर घातली. गाव लांबट चौकोनी होते, लांबी ४५० फूट व रुंदी ३०० फूट. चार आडवे रस्ते आणि मधल्या मोकळ्या चौकात ‘बेराखा वे शालोम’ (आशीर्वाद आणि शांती) हे १६८५ मध्ये बांधलेले विटांचे सिनेगॉग. ते ९० फूट लांब, ४० फूट रुंद आणि ३३ फूट उंच होते. अमेरिका खंडांत वास्तू म्हणून दखल घ्यावी असे हे पहिलेच सिनेगॉग, असे मानले जाते. आत जाड लाकडी खांब, पितळी झुंबरे, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्यासाठी कोरीव लाकडाचे कपाट, स्त्रियांसाठी वेगळा सज्जा आणि पंचांच्या बैठकीसाठी व दप्तरासाठी एक दालन होते. देवाचे घर आणि कचेरी एकाच छपराखाली.

एरवी हे गाव निम्मे रिकामे असे. कुटुंबे नदीकाठच्या आपापल्या मळ्यांवर राहत आणि सणासुदीला, विशेषतः शरद ऋतूतील मांडवांच्या सणाला, छप्पर असलेल्या लांब नावांतून गावी येत. नावा वल्हवायला अर्थातच गुलाम असत.

कारभार ‘महामाद’ नावाच्या पंचमंडळाकडे होता. त्याचे सदस्य ते ‘पार्नासीम’ आणि त्यांनी घालून दिलेले नियम ते ‘आस्कामोत’. नियम आणि इतिवृत्ते पोर्तुगीज भाषेत लिहिली जात, प्रार्थना हिब्रूत होत आणि सरकारशी पत्रव्यवहार डचमध्ये चाले. पंच कर बसवत, गरिबांना मदत देत, दंड करत आणि कोणी फारच डोईजड झाला तर त्याला वाळीत टाकत. गव्हर्नरला सांगून त्याला वसाहतीबाहेर घालवण्याचा मार्गही त्यांना मोकळा होता. गव्हर्नरांशी खटके उडतच. सोमेल्सडाइक या गव्हर्नरने रविवारच्या सवलतीवर गदा आणली, तेव्हा ज्यूंनी थेट ॲम्स्टरडॅमला दाद मागितली आणि सवलत परत मिळवली. वसाहतीच्या नागरी सेनेत ज्यूंची स्वतंत्र तुकडी होती. १६८९ मध्ये फ्रेंच आरमार चालून आले, तेव्हा सामुएल नासीच्या हाताखाली ती लढली.

तुकडीची खरी लढाई मात्र जंगलात होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस ज्यूंचे सुमारे ४० उसाचे मळे होते आणि त्यांवर सुमारे ९,००० गुलाम राबत होते, असा आकडा पुढे त्यांच्याच इतिहासकाराने दिला आहे. ज्यूंची संख्या तेव्हा ६०० च्या आतबाहेर होती. १७३० च्या सुमारास सुरिनाममधील ४०० मळ्यांपैकी ११५ ज्यूंचे होते. १६९० मध्ये योडेनसव्हानेजवळच्या माचादो नावाच्या ज्यू मालकाच्या मळ्यावर गुलामांनी उठाव केला, मालकाला ठार मारले आणि रान गाठले. अशा पळून गेलेल्यांचे पुढे सारामाका हे स्वतंत्र लोक बनले. त्यांच्यातील मात्याऊ कुळाचे नाव या माचादोवरूनच आले आहे, आणि त्या पलायनाची कथा कुळातील वृद्ध विसाव्या शतकातही पिढ्यांच्या तपशिलासह सांगत होते. सारामाकांच्या भाषेतील पोर्तुगीज शब्दांचा मोठा साठा बहुतांशी ज्यूंच्या मळ्यांवरून आला, असे भाषातज्ज्ञ मानतात. १७१२ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी कासार याने वसाहत लुटली. त्या धामधुमीत गुलाम हाती लागू नयेत म्हणून मालकांनीच त्यांना रानात धाडले. त्यांतले बरेच परतलेच नाहीत. ज्यू तुकडीने त्यांच्यावर मोहिमांमागून मोहिमा काढल्या. शेवटी वसाहत सरकारलाच नमते घेऊन १७६२ मध्ये सारामाकांशी तह करावा लागला. म्हणजे एकाच नदीवर स्वशासित समाज दोन झाले : एक सनदेच्या जोरावर, दुसरा पहिल्याच्या तावडीतून सुटून.

गावातही उतरंड होती. ज्यू पुरुष आणि आफ्रिकी स्त्रिया यांच्या संततीपैकी अनेकांना ज्यू म्हणून वाढवले गेले, पण त्यांना ‘येहिदीम’ म्हणजे पूर्ण सभासदांचा दर्जा नव्हता. ते ‘कोंग्रेगांत’, म्हणजे दुय्यम. त्यांची बसण्याची जागा वेगळी असे आणि मानाच्या विधींत त्यांना वाटा नसे. गोऱ्या सभासदाने अशा घरातील मुलगी केली तर त्याचाही दर्जा खाली येई. या लोकांनी १७५९ मध्ये पारामारिबोत ‘दार्खे येशारीम’ (सरळमार्गींची वाट) हे आपले मंडळ काढले. १७९० च्या सुमारास एका सभासदाच्या दफनावरून वाद पेटला. त्यांनी समान मान मागितला. पंचांनी नियमांवर बोट ठेवले आणि पुढे ते मंडळच मोडून काढले गेले. ज्यांनी परसत्तेकडून सनदा मिळवल्या, त्यांनी आपल्याच रक्ताच्या माणसांना सनद नाकारली. हा भेद १८४१ मध्ये रद्द झाला, पण तोवर योडेनसव्हाने ओस पडले होते.

उतरणीची कारणे अनेक. नदीच्या वरच्या अंगाची जमीन कसून कसून निकस झाली. १७७३ मध्ये ॲम्स्टरडॅमचा पैशाचा बाजार कोसळला आणि कर्जावर चाललेले मळे सावकारांच्या घशात गेले. जंगलातून होणाऱ्या हल्ल्यांची धास्ती होतीच. त्यावर उपाय म्हणून योडेनसव्हानेपासून समुद्रापर्यंत चौक्यांची रांग आणि लष्करी वाट बांधण्यात आली. कुटुंबे पारामारिबोला सरकली. तरीही १२ ऑक्टोबर १७८५ रोजी सिनेगॉगची शताब्दी थाटात झाली. गव्हर्नर व्हिखर्स आपल्या मंडळींसह आला, दीपोत्सव झाला, पंगती उठल्या, पहाटेपर्यंत नाच चालला. तीन वर्षांनी पहिल्या नासीच्या वंशातील दाविद नासी या नावाच्याच गृहस्थाच्या पुढाकाराने वसाहतीचा फ्रेंच भाषेतील इतिहास प्रसिद्ध झाला. ज्यूंना हक्क दिले तर ते उत्तम नागरिक होतात, हे युरोपला पटवणे हा त्याचा उघड हेतू. त्यामुळे तो वाचताना तेथे न लिहिलेल्याची आठवण ठेवावी लागते, पण गावाविषयीचे बरेचसे तपशील आपल्याला त्यातूनच मिळतात.

१८२५ मध्ये डच राजवटीने सुरिनाममधील ज्यूंना इतर गोऱ्या रहिवाशांच्या बरोबरीचे नागरी हक्क दिले आणि त्याच निर्णयाने त्यांचे वेगळे अधिकार संपवले. समान नागरिकाला स्वतंत्र न्यायपीठ कशाला, हा त्यामागचा सरळ विचार. १८३२ मध्ये आगीने उरलेसुरले गाव खाल्ले. सुरिनाममधील गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी रद्द झाली.

दुसऱ्या महायुद्धात या जागेला एक विचित्र वळण लागले. डच ईस्ट इंडीजमधून नाझींचे सहानुभूतीदार असल्याच्या संशयावरून पकडलेल्या १४६ जणांना १९४२ ते १९४६ या काळात येथील छावणीत कोंडून ठेवण्यात आले, आणि ज्यूंच्या थडग्यांवर माजलेले रान तोडण्याचे काम त्यांच्याकडून करून घेतले गेले.

आज येथे सिनेगॉगच्या विटांच्या भिंतींचे तळ आणि दफनभूमी दिसतात. योडेनसव्हानेच्या दफनभूमीत साडेचारशेहून अधिक थडगी असून कासिपोरा येथे दोनशेवर आहेत. बऱ्याच शिळा, संगमरवरी आणि निळसर दगडाच्या, युरोपातून घडवून जहाजाने आणलेल्या. त्यांवर हिब्रू, पोर्तुगीज, स्पॅनिश व डच मजकूर आहे. अकाली गेलेल्याच्या शिळेवर झाड तोडणारी कुऱ्हाड, पुरोहित घराण्यातील माणसाच्या शिळेवर आशीर्वादाचे दोन पंजे. थोड्या अंतरावर आफ्रिकी वंशाच्या लोकांची वेगळी दफनभूमी आहे. तेथे बहुतेक खुणा लाकडी आहेत, काहींचा माथा हृदयाच्या आकारात कापलेला, आणि त्या हवेने झिजत चालल्या आहेत. शेजारी रेदी दोती हे मूलनिवासींचे गाव आहे. ही भूमी सनदांच्या आधीपासून त्यांचीच. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये योडेनसव्हाने आणि कासिपोरा दफनभूमी यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.