बॅकस्पेस (विविध लिप्यांतील)

बॅकस्पेस : कर्सरच्या मागचा मजकूर खोडणारी कळ. टाइपरायटरवर ती काहीच खोडत नसे. कॅरेज फक्त एक घर मागे सरके आणि उमटलेल्या अक्षरावर दुसरे उमटवता येई. संगणकावर ती खोडू लागली, तेव्हा एका दाबात किती खोडायचे हा प्रश्न आला. साध्या रोमन मजकुरात एक दाब म्हणजे एक अक्षर. देवनागरीत मात्र डोळ्यांना दिसणारे एक अक्षर संगणकात अनेक चिन्हांनी साठवलेले असते.

‘वार्षिक’ हा शब्द ‘वार्षि’पर्यंत टाइप झाला आहे असे धरू. युनिकोडमध्ये ‘र्षि’ची चार चिन्हे उच्चाराच्या क्रमाने असतात : र, हलन्त, ष, ऱ्हस्व वेलांटी. कर्सर उजवीकडे असूनही पहिल्या दाबाला डावीकडची वेलांटी जाते. दुसऱ्याला ष जातो, डोक्यावरचा रफार खाली उतरतो आणि पाय मोडलेला र उरतो : ‘वार्’. तिसऱ्याला ‘वार’, चौथ्याला ‘वा’. खोडण्याचा क्रम दिसण्याचा नसून साठवणीचा असतो, हे नवशिक्याला कोणीतरी सांगायलाच हवे. युनिकोडपूर्व फॉन्टांत वेलांटी व्यंजनाआधी टाइप करावी लागे, त्यामुळे तिथे ती व्यंजनानंतर खोडली जाई.

डिलीट कळ बहुधा याउलट वागते : कर्सरपुढचे अख्खे अक्षर मात्रेसकट नेते. थाई लिपीतही स्वरचिन्हे व स्वराघातचिन्हे यांबाबत हाच भेद आढळतो. कोरियन हंगुलमध्ये अक्षर जुळत असताना बॅकस्पेस त्यातला एकेक वर्ण काढते. अक्षर पक्के झाल्यावर सबंध अक्षर जाते. रोमनमधून मराठी उमटवणाऱ्या साधनांत शब्द पक्का होईपर्यंत रोमन अक्षरेच खोडली जातात. अनेक चिन्हे जोडून बनलेले कुटुंबाचे इमोजी बहुतेक नव्या प्रणालींत एका दाबात पुसले जाते.

मजकुरात शून्य रुंदीचा जोडक असेल, तर एखादा दाब वाया गेल्यासारखा वाटतो. खोडले गेलेले चिन्ह मुळात अदृश्यच असते.

युनिकोडच्या १५.१ आवृत्तीने (२०२३) देवनागरी जोडाक्षर एकसंध घटक मानले. कर्सर हलवण्यासाठी ते योग्यच आहे. बॅकस्पेसला मात्र तो नियम लावू नये. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या सतत कराव्या लागतात. ‘कवि’चे ‘कवी’ करताना एक वेलांटी बदलायची असते, त्यासाठी ‘व’ पुन्हा टाइप करायला लावणे गैरसोयीचे आहे.