यंत्रमानवाचे गतिनियोजन आणि पडद्यावरील मानवाकृती

एका शास्त्रातील विद्या दुसऱ्या शास्त्रात गेली की पहिल्यास धनको व दुसऱ्यास ऋणको ठरविण्याचा प्रघात आहे. यंत्रमानवशास्त्रातील गतिनियोजन संगणकीय अ‍ॅनिमेशनात आले, त्याचा वृत्तान्तही बहुधा असाच सांगितला जातो. वस्तुतः हा व्यवहार एकमार्गी नव्हता.

गतिनियोजनाचा मूळ प्रश्न साधा आहे. एखादी वस्तू कोठेही न आपटता इच्छित स्थळी कशी न्यावी? पाश्चात्त्य ग्रंथकार येथे पियानो हलविणाऱ्या हमालांचे उदाहरण घेतात. जुन्या वाड्याच्या अरुंद जिन्यावरून शिसवी कपाट माडीवर चढविणाऱ्यांनाही तो परिचित आहे. १९७९ साली तोमास लोझानो-पेरेझ व मायकेल वेस्ली यांनी एक मार्मिक युक्ती मांडली. वस्तू आक्रसून तिचा केवळ एक बिंदू करावयाचा, आणि अडथळे त्या मानाने फुगवावयाचे. मग उरतो तो बिंदूचा मार्ग शोधण्याचा प्रश्न. परंतु सांध्यांच्या यंत्रास हे लागू करावयाचे, तर प्रत्येक सांध्यागणिक त्या अवकाशाची एक मिती वाढते. सामान्य स्वरूपात हा प्रश्न किती दुर्घट आहे, हे जॉन राइफ यांनी त्याच वर्षी सिद्ध केले.

मानवी बाहू खांद्यापासून मनगटापर्यंत सात स्वातंत्र्यांशांचा मानला जातो. पंजा पेल्यावर ठेवला तरी कोपर वर-खाली फिरविता येते. यंत्राच्या दृष्टीने या सर्व स्थिती सारख्याच ग्राह्य होत. पाहणाऱ्यास मात्र त्यांतील बहुतेक विचित्र वाटतात. १९९४ साली कोगा, कोंदो, कफ्नर आणि स्टॅनफर्डचे ज्याँ-क्लोद लातोंब यांनी आपल्या निबंधात या अडचणीस हात घातला. बाहूची स्वाभाविक ठेवण ठरविण्यासाठी त्यांनी मज्जाशरीरविज्ञानातील निष्कर्षांचा आधार घेतला. ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. टक्कर टाळणे भूमितीस साधते. माणसासारखे दिसणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

पुढील टप्पा उलट दिशेचा आहे. १९९८ साली स्टीव्हन लावॅल यांनी यादृच्छिक रीतीने फांद्या फोडीत अवकाश धुंडाळणाऱ्या वृक्षाची पद्धती मांडली. २००० साली कफ्नर व लावॅल यांनी तिला निराळे रूप दिले : एक वृक्ष आरंभस्थितीपासून, दुसरा इष्ट स्थितीपासून वाढवावयाचा, आणि दोहोंची गाठ घालावयाची. ही रीती मुळात पडद्यावरील मानवाच्या बाहूसाठी योजिली होती, असे निबंधाच्या सारांशातच नमूद आहे. पुढे ती खऱ्या यंत्रबाहूंसाठी सर्रास वापरली गेली, आणि कफ्नर स्वतः तोकियोत मानवाकृती यंत्रांच्या गतिनियोजनाकडे वळले. अशा वृक्षातून निघणारा मार्ग वेडावाकडा असतो व तो मागाहून गुळगुळीत करावा लागतो, हा दोष मात्र दोन्हीकडे सारखाच जाचक ठरला.

चालण्याच्या बाबतीत तूलूझ येथील पेत्रे, लोमों व सिमेओं यांनी २००३ साली निराळी वाट धरली. प्रथम केवळ पायांपुरता मार्ग शोधावयाचा; त्या मार्गावर खऱ्या माणसांच्या चालीची यंत्राने टिपलेली नोंद बसवावयाची; आणि हात, डोके वा खांदे जेथे अडथळ्यास लागतील, तेथेच ती चाल किंचित मुरडावयाची. पावले येथे नियोजकाने घडविलेली नव्हेत, माणसाकडून घेतलेली आहेत.