जिवाणू मरतोय? लेझरचा रंग बदलून बघा

'लेझरने पेशीतला अमुक भाग कापला' किंवा 'धरून ठेवला' असं पेपरात वाचलंत, की आधी मेथड्समध्ये जाऊन तरंगलांबी बघा. का, ते इतिहासातून सांगतो.

१९६९ साली मायकेल बर्न्स आणि सहकाऱ्यांनी आर्गन लेझरचा झोत सूक्ष्मदर्शकातून जिवंत पेशीतल्या गुणसूत्रावर टाकून त्यावर बारीकसा डाग पाडला. पण गुणसूत्र हा निळा-हिरवा प्रकाश स्वतः फारसा शोषत नाही. त्यामुळे पेशींना आधी अॅक्रिडीन ऑरेंज दिलं होतं. ते डीएनएला चिकटतं आणि प्रकाश शोषतं. म्हणजे चाकू नुसता लेझर नव्हता, तो शोषणारा रंगही होता!

बेल लॅब्जमध्ये आर्थर अॅश्किन यांना मात्र काहीच कापायचं नव्हतं, फक्त धरायचं होतं. पारदर्शक कणातून जाताना प्रकाश वाकतो, त्याचा संवेग बदलतो, आणि त्याची प्रतिक्रिया कणाला झोताच्या केंद्राकडे ओढते. १९८६ साली एकाच झोतात कण अडकवून झाले. मग ते आणि जोसेफ डझिएडझिक तंबाखूच्या मोझॅइक विषाणूकडे वळले. ठेवून दिलेल्या नमुन्यात एक दिवस भलतेच कण वळवळताना दिसले. ते जिवाणू निघाले, आणि तेही सापळ्यात अडकत होते. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांनी नमुना फेकून दिला असता, बघा.

अडचण एवढीच, की हिरव्या लेझरची शक्ती वाढवली की जिवाणू मरायचे. त्यांनी १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लावला. पेशीतली बहुतेक द्रव्यं तो फारच कमी शोषतात. १९८७ सालीच यीस्ट आणि ई. कोलाय सापळ्यात असतानाच विभागताना दिसले. दोनच वर्षांनी बर्न्स यांनीही हा सापळा वापरला, या वेळी गुणसूत्रं ओढायला.

तरी 'अवरक्त म्हणजे सुरक्षित' असं वहीत लिहून टाकू नका. १९९९ साली स्टीव्हन ब्लॉक यांच्या गटाने ई. कोलाय एका कशाभिकेने काचेला बांधले आणि सापळ्यात त्यांचं फिरणं किती मंदावतं ते मोजलं. ८७० आणि ९३० नॅनोमीटरला सर्वाधिक इजा, ८३० आणि ९७० ला सर्वांत कमी. सगळे आकडे अवरक्तातलेच! आणि द्रावणातला ऑक्सिजन काढून घेतल्यावर इजा जवळजवळ थांबली.