अंगणाची जागा

माझ्या पुतण्यानं वाघोलीत टेरेस फ्लॅट घेतला. सहावा मजला. गच्चीवर प्लास्टिकची हिरवळ अंथरली, लाकडी फळ्यांचा डेक केला, झोपाळा टांगला, भिंतीवर कुंड्या चढवल्या, वर दिव्यांच्या माळा सोडल्या. हल्ली सगळीकडं हीच तऱ्हा आहे. आईला मुद्दाम दाखवायला नेलं. तिनं पायानं ती हिरवळ चाचपली आणि म्हणाली, "झ्याक हाय रं. पण हितं बोलावल्याबिगर कोण येनार?"

पुतण्या हसला. मला मात्र आमचं जुनं अंगण आठवलं.

वाघोली हे जाधवरावांचं गाव. पहिल्या बाजीरावाच्या काळातले सरदार पिलाजीराव जाधवराव इथले. वाघेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे. अशा सरदारांच्या वाड्यांत मधोमध चौक असायचा, म्हणजे आभाळच घराच्या आत घेतलेलं. कुणब्याच्या घराला चौक कुठला परवडायला? त्याचं आभाळ घरापुढं, उघड्यावर. आधी अंगण, मग ओटा, मग पडवी, मग माजघर. कोण कुठवर येणार, हे न सांगता ठरलेलं असायचं. वाटसरू अंगणात पाणी पिई, ओळखीचा ओट्यावर टेके, पाहुणा पडवीत बसे. त्यात जातीची उतरंडही होती, ते लपवण्यात अर्थ नाही. काहींना अंगणाच्या पुढं येऊ दिलं जात नसे.

अंगण तयार करणं हे कामच होतं. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं चोपायचं, वर शेणाचं सारवण. पावसाळा सरला की पुन्हा पहिल्यापासून. तिथंच बाजरी वाळायची, कुरडया पडायच्या, शेळी बांधलेली असायची. उन्हाळ्यात बाजा बाहेर काढून सगळं घर चांदण्यात निजायचं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींची घरं माणसांवर कोसळली. आमचंही घर तसंच, दगडमातीचं. आजी त्यानंतर कितीतरी दिवस आत निजायला तयार नव्हती. "अंगणात वरनं काय पडतंय?" म्हणायची. त्या भूकंपातली मुलं भारतीय जैन संघटनेनं शिकायला पुण्यात आणली, पुढं वाघोलीत त्यांचं शिक्षण संकुल उभं राहिलं. त्या मुलांकडं बघितलं की आजीचं म्हणणं पटायचं.

मग अंगण आक्रसत गेलं. सारवण करायला हात उरले नाहीत म्हणून आम्ही कोबा केला, कोब्यावर शहाबादी फरशी आली. आमच्याच गावच्या खाणींतला दगड फुटून खडी व्हायचा आणि पुण्याच्या इमारतींत जायचा. नंतर इमारतीच गावात आल्या. शेजारच्या खराडीत आयटी पार्क झाले आणि नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मजले चढले. आम्हीही जागा बिल्डरला दिली आणि बदल्यात फ्लॅट घेतले. जबरदस्ती कुणी केली नाही. सही माझीही आहे. जून 2021 मध्ये वाघोली पुणे महापालिकेत गेली.

दुसऱ्याच वर्षी अप्पा गेले.

आजोबा गेले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. भजनी मंडळ आलं, बायका ओट्याकडं, पुरुष कडुलिंबाखाली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. अप्पांना लिफ्टमधून आणताना आम्हाला खुर्चीत बसवून आणावं लागलं. खाली पार्किंगमध्ये दोन गाड्या हलवून जागा केली. गावाकडची माणसं कुठं उभं राहावं ते न कळून गेटपाशीच थांबली. वॉचमन वहीत त्यांची नावं लिहून घेत होता. त्याची काही चूक नव्हती, त्याला तसंच सांगितलेलं. पण अप्पांचा मित्र, ऐंशीचा म्हातारा, मयताला आलो म्हणून वहीत सही करताना मी बघितला. ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पुतण्याच्या गच्चीला मी नावं ठेवत नाही. दिवसभर कंप्युटरपुढं बसणाऱ्याला घटकाभर मोकळी हवा हवीच. फरक एवढाच, की गच्ची आपल्याला बाहेर बघण्यासाठी केलेली असते. अंगण बाहेरच्यांनी आत यावं म्हणून असायचं.

यंदा चैत्रात आई कुरडयांचा चीक घेऊन वर गेली. उन्हानं ती प्लास्टिकची हिरवळ इतकी तापलेली, की पाय ठेववेना. तिनं पुतण्याला एक कोपरा गुंडाळायला लावला आणि फरशीवर जुनं लुगडं अंथरलं. सोऱ्या फिरायला लागल्यावर शेजारची नागपूरची बाई दारातून डोकावली. पाठोपाठ वरच्या मजल्यावरची बिहारची पोरगी, हे काय चाललंय विचारत. आईनं दोघींनाही विचारलं नाही की कोण, कुठल्या. एकीच्या हातात सोऱ्या दिला, दुसरीला कावळे हाकायला बसवलं.

तो कोपरा पुतण्यानं अजून गुंडाळलेलाच ठेवलाय.